मुळांना हवा हवी : ॲव्होकाडोविषयी वाचकांचे प्रश्न

या सदराकडे ॲव्होकाडोविषयी आलेली पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत. काहींनी कुंडीतल्या रोपाविषयी विचारले आहे, काहींनी मोठ्या झाडाविषयी. कोणाची तक्रार पानांची आहे, कोणाची फुलांची. तरीही बहुतेक तक्रारींचे कारण शोधत गेले की आपण जमिनीच्या वरच्या वीतभर थरात येऊन थांबतो. म्हणून मुळांशी थेट संबंध असलेले पत्र सर्वांत आधी घेतले आहे आणि त्याला जागाही जास्त दिली आहे. ज्यांचा प्रश्न मोहोराचा किंवा फळांचा आहे, त्यांनीही ते उत्तर आधी वाचावे, अशी विनंती आहे.

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी लावलेले कलमी रोप पहिले वर्षभर उत्तम वाढले. आता पाने फिकट पडून खाली लोंबू लागली आहेत, नवी पालवी बारीक येते आणि शेंड्याकडच्या काड्या वाळत आहेत. पाणी कमी पडत असावे असे समजून मी सकाळ-संध्याकाळ पाणी देतो, खतही वाढवले. पण झाड सुधारण्याऐवजी खालावतच आहे. काय करावे?

उत्तर : पाणी लगेच थांबवा आणि खतही थांबवा. तुम्ही लिहिलेली लक्षणे तहानलेल्या झाडाची वाटतात आणि एका अर्थी झाड तहानलेलेच आहे. मात्र त्याचे कारण जमिनीत पाणी नाही हे नसून, पाणी ओढून घेणारी मुळेच उरलेली नाहीत, हे आहे. हा फरक लक्षात आला नाही, तर मालक जितकी जास्त काळजी घेतो तितके झाड लवकर हातचे जाते.

खात्री करून घ्यायला कोणतेही उपकरण लागत नाही. बुंध्यापासून हातभर अंतरावर, फांद्यांच्या सावलीत बसा आणि मातीचा वरचा थर बोटांनी हलकेच बाजूला सारा. निरोगी झाडाची बारीक मुळे तिथेच, अगदी वरच्या वर, सापडतात. त्यांची टोके दुधासारखी पांढरी असतात आणि पाचोळा कुजत असेल तर ती त्या कुजणाऱ्या पानांमध्येही शिरलेली दिसतात. आजारी झाडाची बारीक मुळे काळी पडलेली असतात आणि चिमटीत धरली की वाळक्या काडीसारखी तुटतात. रोग पुढे गेला असेल, तर बारीक मुळे जवळजवळ मिळतच नाहीत. मातीचा एक ढेकूळ हातात घेऊन त्याचा वासही पाहा. साचलेल्या पाण्यासारखा कुबट वास आला, तर त्या मातीत हवा उरलेली नाही असे समजावे.

ॲव्होकाडो मूळचा मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतल्या रानांतला. तिथे जमिनीवर पाचोळ्याचा जाड थर असतो, वरचेवर पाऊस पडतो, पण पाणी साचून राहत नाही. अशा ठिकाणी वाढलेल्या या झाडाने मुळे खोल नेण्याऐवजी वरच्या थरात पसरवली आणि त्या मुळांवर इतर झाडांच्या मुळांवर असतात तशी केसासारखी बारीक तंतुमुळे फारच कमी येतात. त्यामुळे या मुळांना सतत ओलावा हवा असतो आणि त्याच वेळी सतत हवाही हवी असते. आपल्याकडच्या शेतकऱ्यांनी जमिनीच्या ज्या अवस्थेला ‘वापसा’ हा नेमका शब्द दिला आहे, तीच अवस्था ॲव्होकाडोला वर्षभर लागते. माती दोन दिवस पाण्याखाली राहिली, तरी मुळांना इजा होऊ लागते.

ही इजा झाली की पुढचे काम फायटोफ्थोरा सिनॅमोमी हा बुरशीसदृश सूक्ष्मजीव करतो. सुमात्रामधल्या दालचिनीच्या झाडांवर तो सापडला आणि १९२२ मध्ये त्याचे वर्णन झाले, म्हणून त्याच्या नावात दालचिनी आहे. ॲव्होकाडो हा त्याच दालचिनीच्या कुळातला. या सूक्ष्मजीवाचे बीजाणू मातीतल्या पाण्यात पोहत मुळांच्या टोकांपर्यंत जातात. माती जितकी जास्त वेळ चिंब, तितका त्यांचा प्रवास सोपा. म्हणजे तुम्ही सकाळी आणि संध्याकाळी घातलेले पाणी झाडाच्या उपयोगी पडण्याऐवजी रोगाच्या उपयोगी पडत होते.

आता उपाय. वरचा चार बोटे थर कोरडा होऊ लागेपर्यंत पाणी देऊ नका आणि त्यानंतरही थोडेच द्या. कमी मुळे असलेल्या झाडाची गरजही कमी असते. वाळलेल्या काड्या जिवंत भागापर्यंत कापा. फांद्यांच्या घेराखाली लाकडाच्या भरड तुकड्यांचे किंवा जाड पाचोळ्याचे दहा ते पंधरा सेंटिमीटर जाडीचे आच्छादन पसरा, पण बुंध्याभोवती वीतभर जागा मोकळी ठेवा, कारण सतत ओली राहिलेली साल कुजते. हे आच्छादन केवळ ओलावा टिकवण्यासाठी नाही. ते कुजताना त्यात वाढणारे सूक्ष्मजीव फायटोफ्थोराला आवर घालतात आणि नवी पांढरी मुळे आधी त्या थरातच फुटतात. जमिनीत जिप्सम मिसळल्यानेही रोगाचा जोर कमी होतो. पोटॅशियम फॉस्फोनेट हे औषध या रोगावर अनेक देशांत खोडातून टोचून किंवा पानांवर फवारून दिले जाते आणि ते परिणामकारक आहे. मात्र प्रमाण झाडाच्या वयावर आणि घेरावर ठरते, म्हणून ते कृषी सल्लागाराला झाड दाखवूनच वापरावे.

झाड वाचले नाही, तर त्याच खड्ड्यात दुसरे ॲव्होकाडो लावू नका. रोग मातीत वर्षानुवर्षे टिकतो. नवे रोप खड्ड्यात लावण्याऐवजी उंचवट्यावर लावा. फूट-दीड फूट उंच आणि चार-पाच फूट रुंद असा मोकळ्या मातीचा ढीग करून त्याच्या माथ्यावर रोप बसवले, तर मुसळधार पावसातही मुळांजवळचे पाणी आपोआप उतरून जाते. पिशवीतल्या मातीचा गड्डा फुटू देऊ नये, कलमाचा सांधा मातीच्या बराच वर राहावा आणि रोप पिशवीत जितके खोल होते त्याहून खोल जाऊ नये. निचऱ्यासाठी खड्ड्याच्या तळाशी दगडगोटे भरण्याची पद्धत मीही एकदा पाळली होती. घट्ट जमिनीत खोल खड्डा, तळाशी गोट्यांचा थर, वर भरपूर खत. पहिल्याच मोठ्या पावसात त्या खड्ड्याची विहीर झाली आणि महिन्याभराने रोप उपटले, तेव्हा ते मुळांशिवायच हातात आले. भोवतालची जमीन पाणी सोडत नसेल, तर गोट्यांच्या थरातले पाणी जाणार कुठे, हा विचार मी आधी करायला हवा होता. तेव्हापासून मी एकही ॲव्होकाडो सपाट जमिनीत लावलेला नाही.

प्रश्न : झाड हिरवेगार आहे, पण जुन्या पानांची टोके तपकिरी होऊन करपतात आणि तो करपा हळूहळू कडांवर पसरतो. बुरशीनाशक फवारले, उपयोग झाला नाही.

उत्तर : हा बहुधा रोग नसून क्षार साचल्याची खूण आहे, म्हणून बुरशीनाशकाने फरक पडला नाही. ॲव्होकाडो क्लोराइडच्या बाबतीत अतिशय नाजूक आहे. पाण्यातून आणि खतांतून आलेले क्षार मुळे शोषतात, ते पानांच्या टोकाशी जाऊन साचतात आणि तिथली ऊती मरते. पान जितके जुने, तितका साठा मोठा. म्हणून नवी पालवी स्वच्छ आणि जुनी पाने करपलेली असे चित्र दिसते.

दररोज थोडे-थोडे पाणी देण्याची सवय येथे घातक ठरते, कारण वरचे पाणी उडून जाते आणि क्षार मुळांपाशीच राहतात. त्याऐवजी दोन पाळ्यांमध्ये अंतर ठेवून एका वेळी इतके पाणी द्या, की ते मुळांच्या थरातून खाली जाईल आणि क्षार सोबत नेईल. हे अर्थातच निचरा चांगला असेल तरच करायचे. पावसाचे पाणी साठवता आले, तर त्यासारखे दुसरे पाणी नाही. पालाश द्यायचे असेल तर म्युरिएट ऑफ पोटॅश टाळा, कारण ते पोटॅशियम क्लोराइडच आहे. त्याऐवजी सल्फेट ऑफ पोटॅश वापरा. करपलेली पाने तोडण्याची घाई करू नका. त्यांचा हिरवा भाग अजून झाडासाठी अन्न तयार करतो. पुढे कधी नवे कलम घ्याल, तेव्हा खुंट, म्हणजे ज्या रोपावर कलम बांधले ते खालचे मुळांचे रोप, कोणत्या वंशाचा आहे हे जरूर विचारा: वेस्ट इंडियन वंशाचे खुंट क्षार सर्वांत चांगले सोसतात, मेक्सिकन वंशाचे सर्वांत कमी.

याच्याशी गल्लत होऊ नये म्हणून एक गोष्ट जोडतो. करपा नसून कोवळी पाने पिवळी आणि त्यांच्या शिरा तेवढ्या हिरव्या दिसत असतील, तर ती लोहाची कमतरता असते आणि ती चुनखडीच्या जमिनीत हमखास दिसते. पाने लहान, अरुंद आणि शेंड्याशी गुच्छासारखी दाटलेली येत असतील, फळेही नेहमीपेक्षा गोल आणि बारीक होत असतील, तर जस्त कमी पडत आहे. अशा जमिनीत लोह आणि जस्त सहसा असते, पण सामू (मातीची आम्लता-अल्कता दाखवणारा आकडा, pH) जास्त असल्याने ते मुळांना मिळत नाही. साडेपाच ते साडेसहा सामू या झाडाला मानवतो.

प्रश्न : फळातली बी काड्या टोचून पाण्याच्या पेल्यावर ठेवली होती. तिला मूळ आणि कोंब आले, आता रोप कुंडीत दोन फूट झाले आहे. मुलांना त्याचा फार लळा लागला आहे. याला फळे येतील का आणि ती ज्या फळातून बी काढली तशीच असतील का?

उत्तर : येतील, पण थांबावे लागेल आणि ती तशीच असतील याची खात्री देता येत नाही. बीपासून वाढवलेले झाड फळावर यायला पाच वर्षांपासून दहा-बारा वर्षांपर्यंत कितीही काळ घेऊ शकते. ॲव्होकाडोच्या प्रत्येक बीमध्ये दोन पालकांचे गुण नव्याने मिसळतात, त्यामुळे एकाच झाडाच्या दहा बिया लावल्या, तर दहा वेगवेगळी झाडे मिळतात. त्यांतली बरीचशी आईपेक्षा उणी निघतात. एखादे मात्र सर्वांना मागे टाकते, आणि आज जगाच्या बाजारात सर्वाधिक दिसणारी ‘हास’ ही जात याच मार्गाने आली आहे.

कॅलिफोर्नियात टपाल वाटण्याचे काम करणाऱ्या रुडॉल्फ हास यांनी १९२० च्या दशकात ला हाब्रा हाइट्स येथे बियांपासून रोपे वाढवून त्यांवर त्या काळच्या नावाजलेल्या ‘फ्युर्ते’ जातीची कलमे करून घेतली. एका रोपावर कलम काही केल्या जगेना. ते रोप तसेच वाढू दिले गेले आणि त्याला खडबडीत सालीची, पिकल्यावर काळी पडणारी, चवीला उत्तम अशी फळे आली. हास यांनी १९३५ मध्ये त्याचे पेटंट घेतले. जगातले प्रत्येक हास झाड कलमांच्या साखळीने त्या एकाच रोपापर्यंत पोहोचते. ते मूळ झाड अनेक वर्षे मूळकुजीशी झुंजले आणि २००२ मध्ये तोडावे लागले, हे येथे मुद्दाम नोंदवतो. इतक्या जपलेल्या झाडालाही पहिल्या उत्तरातला रोग सुटला नाही.

तुमच्या रोपाकडे वळू. पाण्यात फुटलेली मुळे ठिसूळ असतात, त्यामुळे ते कुंडीत रुळले ही चांगली गोष्ट झाली. पुढच्या वेळी बीवरची तपकिरी साल काढून, रुंद बाजू खाली आणि निमुळती वर ठेवून, बी अर्धी उघडी राहील अशी सरळ भुसभुशीत मातीत लावावी. ही बी वाळली की मरते, म्हणून फळातून काढल्यावर धुऊन लवकर लावावी. उगवायला महिना-दीड महिना लागू शकतो.

खोड पेन्सिलीइतके जाड झाले की त्यावर कलम करता येते आणि मुलांनी लावलेल्या रोपाला ओळखीच्या जातीची फळे तीन-चार वर्षांत येऊ शकतात. त्यासाठी उत्तम फळणाऱ्या निरोगी झाडाच्या शेंड्याकडची, डोळे फुगलेले पण फुटलेले नाहीत अशी काडी घ्यावी. रोपाचा शेंडा आडवा कापून मधोमध उभी चीर द्यावी, काडीचे खालचे टोक दोन्ही बाजूंनी पाचरीसारखे तासावे आणि ते चिरेत असे बसवावे, की निदान एका बाजूला सालीखालचा हिरवा थर हिरव्या थराला भिडेल. हा थर न जुळणे हेच कलम फसण्याचे सर्वांत मोठे कारण असते. सांधा कलमपट्टीने घट्ट बांधून काडीही पट्टीने झाकावी, म्हणजे ती वाळणार नाही, आणि रोप उन्हात न ठेवता उजेडाच्या सावलीत ठेवावे. तीन ते पाच आठवड्यांत डोळे हलू लागतात. सांध्याखालून रोपाचे स्वतःचे फुटवे येतील, ते लगेच खुडावेत. चाकू प्रत्येक झाडानंतर निर्जंतुक करायला विसरू नका. ॲव्होकाडोचा सनब्लॉच नावाचा एक रोग कलमकाडीतून, बीमधून आणि न धुतलेल्या पात्यावरूनही पसरतो. फळांवर आणि कोवळ्या फांद्यांवर पिवळसर पट्टे दिसणाऱ्या झाडाची काडी कधीही घेऊ नये.

कुंडीतच ठेवायचे असेल, तर निदान साठ लिटरची कुंडी घ्या आणि तिच्याखाली पाण्याची बशी ठेवू नका.

प्रश्न : सात वर्षांचे झाड दरवर्षी मोहोराने भरून जाते, पण हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच फळे टिकतात. दुसरे झाड लावले पाहिजे असे कोणी म्हणते, कोणी नको म्हणते. नेमके खरे काय?

उत्तर : दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, पण ते समजण्यासाठी फूल जवळून पाहावे लागेल. एखाद्या शांत सकाळी मोहोराच्या एकाच घोसाला दोरा बांधा आणि त्याच्यापाशी दिवसातून तीन-चारदा जा. प्रत्येक फूल जेमतेम एक सेंटिमीटरचे, पिवळसर हिरवे असते आणि ते दोनदा उमलते. पहिल्यांदा उमलते तेव्हा ते मादी असते: मधला स्त्रीकेसर ताठ आणि परागकण घ्यायला तयार, भोवतीचे पुंकेसर मात्र आडवे पडलेले आणि बंद. काही तासांनी फूल मिटते. दुसऱ्या दिवशी तेच फूल पुन्हा उमलते, तेव्हा पुंकेसर उभे राहून पराग सोडतात आणि स्त्रीकेसराचा काळ संपलेला असतो.

ही वेळ जातीवर ठरते. ‘अ’ गटाच्या जातींची फुले सकाळी मादी म्हणून उमलतात आणि दुसऱ्या दिवशी दुपारी नर म्हणून. हास, रीड आणि पिंकर्टन या त्या गटातल्या. ‘ब’ गटाची फुले दुपारी मादी असतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नर. फ्युर्ते, बेकन, झुटानो आणि एटिंगर या त्या गटातल्या. म्हणजे सकाळी ‘अ’ झाडाला पराग हवा असतो, तेव्हा ‘ब’ झाड तो देत असते आणि दुपारी याच्या उलट घडते. झाडांच्या जगात वेळापत्रकाची इतकी सुरेख जुळणी फार थोड्या ठिकाणी पाहायला मिळते.

प्रत्यक्षात हवा थोडी थंड किंवा ढगाळ असली, की हे वेळापत्रक मागेपुढे होते आणि एकाच झाडावर नर आणि मादी फुले काही काळ एकत्र उमललेली सापडतात. त्यामुळेच एकटे झाडही फळते. जवळपास दुसऱ्या गटाचे झाड असेल, तर फळधारणा बऱ्याचदा सुधारते. जागा असेल तर जरूर लावा, नसेल तर एकाच आळ्याशेजारी दुसरे झाड कोंबण्यापेक्षा आहे त्याच झाडाच्या एखाद्या फांदीवर दुसऱ्या गटाचे कलम करून घ्या.

पण दुसरे झाड लावण्याआधी दोन गोष्टी तपासा. मोहोराच्या दिवसांत झाडावर मधमाश्या येतात का? या फुलांचे परागीभवन मुख्यतः कीटकांवर अवलंबून आहे आणि मोहोरावर कीटकनाशक फवारणे म्हणजे स्वतःच्या हाताने पीक घालवणे आहे. दुसरे, मोहोर फुलण्याच्या आणि बारीक फळे धरण्याच्या काळात झाडाला पाण्याचा ताण बसतो का? याच काळात मुळे दुर्बळ असतील किंवा माती एकदम कोरडी पडली, तर झाड फळे सोडून देते. थंडी लांबली आणि रात्री फार गार गेल्या, तरीही परागनलिका नीट वाढत नाही. अशा वेळी काकडीसारखी लांबट, बी नसलेली लहान फळे लागतात, तो रोग नव्हे.

अपेक्षाही नीट ठेवाव्या लागतात. पूर्ण वाढलेल्या झाडावर एका हंगामात दहा लाखांपर्यंत फुले येऊ शकतात आणि त्यांतले हजारात एखादे फूलही शेवटपर्यंत फळ होऊन टिकत नाही. वाटाण्याएवढी फळे गळून झाडाखाली सडा पडला, तर तो बहुतांशी झाडाचा स्वतःचा हिशेब असतो. तसेच एका वर्षी फांद्या वाकतील इतके फळलेले झाड पुढच्या वर्षी जवळजवळ रिकामे राहते. वर्षाआड फळण्याची ही सवय पूर्ण मोडता येत नाही, पण भरघोस वर्षी तयार फळे वेळेवर उतरवली, झाडावर लांबवत ठेवली नाहीत, तर पुढच्या मोहोराला बळ मिळते.

प्रश्न : सदाहरित झाड असूनही मोहोराच्या वेळी माझ्या झाडाची निम्मी पाने गळाली. मी घाबरून गेले आहे.

उत्तर : घाबरू नका. ॲव्होकाडोचे पान साधारण वर्षभर जगते आणि मोहोर व नवी पालवी येताना जुनी पाने गळतात. पाठोपाठ नवी पालवी दिसली, तर सारे ठीक आहे. गळलेला पाचोळा झाडून जाळू नका, तो झाडाखालीच राहू द्या. त्यातच त्याची मुळे पुढे येणार आहेत.

प्रश्न : छाटणीनंतरचा पाला शेळ्यांना घातला तर चालेल का?

उत्तर : कृपया घालू नका. ॲव्होकाडोच्या पानांत, सालीत आणि बीमध्ये पर्सिन नावाचे द्रव्य असते. ते शेळ्या, गायी, घोडे आणि सशांना बाधते. दुभत्या जनावरांच्या कासेला सूज येऊन दूध आटते आणि जास्त प्रमाणात हृदयावर परिणाम होतो. पिंजऱ्यातल्या पक्ष्यांसाठी तर ते प्राणघातक आहे आणि त्यांना गरही देऊ नये. पाला बारीक करून झाडाखाली पसरणे हाच त्याचा उत्तम उपयोग आहे.

प्रश्न : झाड वीस फुटांवर गेले आहे आणि फळे हाती लागत नाहीत. शेंडा एकदम अर्ध्यावर आणला तर?

उत्तर : एकदम नको. अचानक उघड्या पडलेल्या फांद्यांची साल प्रखर उन्हात भाजते, तडकते आणि तिथून कीड शिरते. त्याशिवाय झाड आपली सारी शक्ती पाणशेंड्यांमध्ये, म्हणजे जोमाने सरळ वर धावणाऱ्या फुटव्यांमध्ये, घालते आणि एक-दोन वर्षे फळ देत नाही. फळे उतरवून झाली, की दरवर्षी सर्वांत उंच अशी एकच जाड फांदी तिच्या उगमापासून काढा. तीन वर्षांत झाड खाली येते आणि तेवढ्या काळात फळही मिळत राहते. उघड्या झालेल्या जाड फांद्यांना पाण्यात मिसळणारा पांढरा रंग निम्मे पाणी घालून लावा. लहान रोपाच्या खोडालाही पहिली दोन वर्षे हा लेप द्यावा. जमिनीजवळच्या फांद्या मात्र राहू द्याव्यात; त्या बुंध्याला आणि मुळांवरच्या मातीला सावली देतात, आणि लोक त्या झाडाखाली स्वच्छ दिसावे म्हणून छाटतात, याचे मला नेहमी वाईट वाटते.

प्रश्न : पहिल्यांदाच तीस-चाळीस फळे लागली आहेत. सहा महिने झाले, तरी दगडासारखी कठीण आहेत. मी ती पिकण्याची वाट पाहत आहे. एक काढून ठेवले, तर ते मऊ न होता सुरकुतले.

उत्तर : तुमचे झाड व्यवस्थित आहे. ॲव्होकाडो झाडावर पिकत नाही; तो झाडावर तयार होतो आणि तोडल्यावरच पिकतो. त्यामुळे झाडावर तो मऊ होण्याची वाट पाहिली, तर ती वेळ येतच नाही. तुम्ही काढलेले फळ सुरकुतले, याचा अर्थ ते अजून तयार झालेले नव्हते.

फुलापासून फळ तयार होण्यास लागणारा काळ वंशावर अवलंबून असतो. मेक्सिकन आणि वेस्ट इंडियन वंशाची फळे साधारण पाच ते आठ महिन्यांत तयार होतात; ग्वाटेमालन वंशाच्या फळांना वर्षभर किंवा दीड वर्षही लागते. हासमध्ये ग्वाटेमालन अंश मोठा आहे, म्हणून गार प्रदेशांत झाडावर जुनी फळे आणि नवा मोहोर एकाच वेळी दिसतो. तुमच्याकडची जात लिहून ठेवा आणि ज्या आठवड्यात फळे धरली तोही लिहून ठेवा. ही नोंद पुढच्या वर्षी कोणत्याही सल्ल्यापेक्षा उपयोगी पडेल.

तयार झाल्याच्या खुणा फळ कापून पाहिल्या की सर्वांत स्पष्ट दिसतात. एक मोठे फळ उभे कापा आणि बीभोवतीचे पातळ आवरण बघा. कच्च्या फळात ते जाड, पांढरट आणि गराला चिकटलेले असते. तयार फळात ते वाळून कागदासारखे पातळ आणि गडद तपकिरी झालेले असते. बाहेरून पाहता, हिरव्या गुळगुळीत जातींची तकाकी कमी होते आणि देठाजवळ पिवळसर झाक येते. हासची साल झाडावर गडद होऊ लागते, पण केवळ रंगावर विसंबू नये.

व्यापारी बागांमध्ये गरातला कोरडा अंश मोजला जातो, कारण तेल वाढते तसा पाण्याचा अंश घटतो. घरीही हे करता येते. शंभर ग्रॅम गर किसून पातळ पसरावा आणि वजन उतरायचे थांबेपर्यंत मंद आचेच्या भट्टीत वाळवावा. हासच्या बाबतीत किमान एकवीस ग्रॅमच्या आसपास शिल्लक राहिले, तर तोडणी सुरू करता येते. तेवीस-चोवीसच्या पुढे चव खरोखर भरते. हे करणे जमत नसेल, तर दर पंधरवड्याला सर्वांत मोठी दोन फळे काढून खोलीत ठेवा. ती आठ-दहा दिवसांत न सुरकुतता सारखी मऊ झाली आणि गर लोण्यासारखा निघाला, तर बाकीची काढायला हरकत नाही. सगळी एकदम काढण्याची मात्र गरज नाही. तयार फळ झाडावर काही आठवडे, काही जातींत दोन-तीन महिनेही चांगले राहते. फार उशीर केला, तर बी आतच कोंब धरू लागते आणि तेल खवट होते.

फळ ओढून तोडू नये. देठाचा बारीक तुकडा फळाला राहील अशा रीतीने ते कात्रीने कापावे, कारण देठ उपटला की तिथे उघडी जखम राहते आणि पिकताना फळ तिथूनच काळे पडत जाते. पावसात किंवा फळे ओली असताना तोडणी टाळावी. पिकवण्यासाठी अठरा ते एकवीस अंश तापमानाची जागा उत्तम; घाई असेल तर कागदी पिशवीत एखादे पिकलेले केळे सोबत ठेवावे, त्यातून निघणारा इथिलीन वायू पिकण्याची क्रिया लवकर सुरू करतो. कठीण फळ शीतकपाटात ठेवू नये, अति गारव्याने त्याचा गर आतून काळवंडतो आणि मग ते बाहेर काढूनही नीट पिकत नाही. पिकून मऊ झालेले फळ मात्र तिथे दोन-तीन दिवस खुशाल ठेवावे. ते मऊ झाले का हे पाहायला फळाचे पोट दाबू नका, तिथे बोटाचा डाग उमटतो. देठाजवळ अंगठा हलकेच टेकवा, तिथे किंचित दबले की फळ कापायला तयार आहे.